लाभ, दोन, तीन

चहाचा कप हातात आला की काकाजी पहिला घोट घ्यायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "लाभ." दुसरा घोट मुकाट्याने. एसटीच्या पहिल्या पायरीवर पाय पडला की लाभ. गोळ्यांच्या पाकिटातली पहिली गोळी फोडली की लाभ. डॉक्टरच्या गोळीतसुद्धा लाभ पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी पायलीने धान्य मोजताना पाहिलं असेल त्यांना ही चाल ठाऊक आहे. पहिलं माप टाकताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन, चार. बाकीच्यांनी ती चाल खळ्यावरच ठेवली. काकाजींनी ती घरी, दारी, दवाखान्यात, सगळीकडे बरोबर नेली.

सगळं वरूड त्यांना काकाजी म्हणायचं, म्हणून मीही म्हणत आले. चाळीस वर्षं त्यांनी तिथल्या जुन्या फळबाजाराच्या टिनाच्या शेडमध्ये संत्री मोजली. उजव्या हातात तीन, डाव्या हातात दोन, अशी पाच फळं एकदम उचलून टोपलीत सोडायची. याला ते 'हात' म्हणत. असे वीस हात झाले की शंभर. शंभर झाले की एक संत्रं बाजूला ठेवायचं, ती खूण. दिवस संपताना खुणेची संत्री पाहिली की किती शेकडे झाले ते कळायचं. या कामाने त्यांच्या हातांना कायमचं वळण लागलं होतं. नमस्कारसुद्धा पुरता जुळायचा नाही. मध्ये एखादं फळ राहिल्यासारखी फट दिसायची.

मी अमरावतीत दुकानांच्या पाट्या, पत्रकं, प्रदर्शनांचे फलक करून देते. माहेर तेल्हाऱ्याचं, म्हणजे कापसातलं. संत्र्याशी माझा संबंध सोलण्यापुरता. पण वरूडची ती शेड पाडण्याऐवजी तिथे या भागाचा वारसा सांगणारं माहिती केंद्र करायचं ठरलं, मुख्य काम पुण्याच्या एका कंपनीला मिळालं, आणि 'स्थानिक मजकूर व माणसं' हे खातं माझ्या गळ्यात आलं. पहिल्या बैठकीत 'इंटरॅक्टिव्ह' हा शब्द इतक्या वेळा आला की चहा घेऊन आलेल्या माणसानेही तो उचलला. इंटरॅक्टिव्ह म्हणजे लोकांनी वस्तूंना हात लावायचा, एवढं मला समजलं. आपल्याकडे लोक न सांगताच लावतात, तेव्हा निम्मं काम झाल्यातच जमा होतं.

काम सुरू होऊन महिना झाला असेल. एका सकाळी पांढरा पायजमा, सदरा आणि गळ्यात दुपट्टा अशा वेशातले एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. आत यायची परवानगी त्यांनी मागितली नाही. त्या शेडमध्ये मीच नवी होते. त्यांनी एकेका खांबाला हात लावला, छताकडे पाहिलं आणि सरळ माझ्या टेबलापाशी आले.

टेबलावर आमचं मुख्य आकर्षण मांडलेलं होतं, 'संत्री मोजा'. पोरांनी प्लास्टिकचे केशरी गोळे एका घसरगुंडीतून सोडायचे, पाच गोळे खाली गेले की यंत्र आकडा बोलणार, असा तो खेळ होता. काकाजींनी पाच गोळे उचलले, तळहातांवर तोलले आणि परत ठेवून दिले.

"मॅडम, हे त सारे एका मापाचे हाये," ते म्हणाले. "एका मायचे पाच लेकरं एका मापाचे नसते. झाडाचे कसे असतीन?"

मला रागच आला. ते गोळे पुण्याहून दोनदा बदलून आले होते, आणि आता हे कुठून आले परीक्षक! पण त्यांनी पिशवीतून पाच खरी संत्री काढली आणि माझ्या हातात रचली. एक मोठं, एक चपटं, एक देठाशी फुगलेलं. मी उचलायला गेले आणि दोन जमिनीवर गडगडली. त्यांनी ती शांतपणे उचलली, पुसली आणि एवढंच म्हणाले की सगळी सारखी असली का हाताले काही शिकाच लागत नाही.

आठ दिवसांनी गावातल्या सुताराकडे लाकडाची शंभर संत्री तयार होत होती आणि काकाजी तिथे नमुन्याची फळं घेऊन बसलेले होते. एखादं जरा जास्त गोल उतरलं की ते सुताराला परत द्यायचे. सुताराने मला फोन करून विचारलं की ह्या माणसाचे किती दिवस अजून आहेत. मी म्हटलं, शंभर होईपर्यंत. तेव्हा त्या प्रश्नात काही लपलेलं असेल असं मला वाटलंही नाही.

मग ते रोजच यायला लागले. त्यांना केंद्रातलं सगळं आवडायचं, फक्त बोट लावून चालवायचे काचेचे पडदे आवडायचे नाहीत. त्याचं कारण निघालं तेव्हा मी खजील झाले. त्या पडद्यांना त्यांचं बोट कळतच नव्हतं. चाळीस वर्षांत कातडी इतकी राठ झाली होती की ते बोट टेकवायचे आणि चित्र हलायचं नाही. "याले माह्या हाताचं वावडं हाये," म्हणून ते हसले आणि हात मागे बांधून पुढच्या फलकाकडे गेले. मी मात्र तिथेच उभी राहिले. या गावात असे हात किती असतील? ज्यांच्या कामाचा वारसा आम्ही मांडत होतो, त्यांचीच बोटं आमच्या यंत्राला ओळखता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला लिहिलं, आणि पुढे प्रत्येक पडद्याखाली लाकडी दांडीची मोठी कळ बसली. हात कसाही असो, दाबली की चालते.

त्यांची एक गोष्ट मला त्यांच्या मुलीने सांगितली. ती अमरावतीत एका दवाखान्यात नर्स आहे. मोजणी चालू असताना मोजणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही आणि त्यानेही बोलायचं नाही, हा बाजाराचा नियम. हंगाम भरात होता, काकाजींचा अकरावा हात टोपलीत पडत होता, आणि घरून माणूस धावत निरोप घेऊन आला की बायको बाळंत झाली. काकाजींनी मान हलवली आणि म्हणाले, "बारा." मग तेरा, चौदा, पार वीसपर्यंत. शंभर झाले, खुणेचं संत्रं बाजूला ठेवलं, आणि मग वळून विचारलं की पोरगा का पोरगी. पोरगी म्हटल्यावर म्हणाले, लाभ. ते खुणेचं संत्रं सोलून सगळ्या शेडने एकेक फोड खाल्ली. त्यामुळे त्या दिवसाच्या हिशेबात एक शेकडा कमी दिसला आणि त्याच्यावरून संध्याकाळी वाद झाला म्हणे. "मी जन्मल्याबरोबर बाबाचे शंभर संत्रे चुकवले," असं ती मोठ्या अभिमानाने सांगते.

आणि त्यांचा आवाज! त्यांचं मोजणं म्हणजे अर्धं गाणं होतं. "सातऽऽ आठऽऽ" असा लांबवलेला, सगळ्या शेडला ऐकू जाणारा सूर. तो काही हौसेचा नव्हता. एका बाजूला शेतकरी बसलेला, दुसऱ्या बाजूला व्यापारी उभा. एकाला वाटायला नको की फळ जास्त गेलं, दुसऱ्याला वाटायला नको की कमी आलं. दोघांचा भरवसा त्या आवाजावर. चाळीस वर्षांत त्यांची मोजणी पुन्हा मोजा असं कुणी म्हटलं नाही, हे मला तिथल्या हमालांनी सांगितलं. स्वतः काकाजी ते कधीच बोलले नाहीत.

आमच्या यंत्रात आकडे बोलायला पुण्यातल्या एका कलाकाराचा आवाज ठरलेला होता. मी हट्ट धरला की आवाज काकाजींचाच हवा. कंपनीचे साहेब तयार झाले, पण अट घातली. फार लाड नकोत, यादीप्रमाणे वीस शब्द, एक ते वीस, स्वच्छ आणि पूर्ण हवेत. एकही कमी पडला तर सगळे आकडे त्यांच्या कलाकाराकडून घ्यायचे, कारण एका खेळात दोन आवाज चालणार नाहीत. मी म्हटलं, वीस शब्द तर ते झोपेतही म्हणतील.

ध्वनिमुद्रण आपण पुढच्या महिन्यात करू, असं मी काकाजींना सांगून टाकलं. ते बरं म्हणाले. त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"ताई, बाबांनं तुम्हाले सांगतलं नसन," ती म्हणाली. आणि मग नर्स असल्यामुळे तिने सगळं नीट, क्रमाने सांगितलं. गळ्यात गाठ निघाली होती. खर्रा सोडून वर्षं झाली होती, पण त्यातल्या तंबाखूने करायचं ते काम करून ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात अमरावतीला ऑपरेशन होतं. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणत होते. आवाज वाचणार नव्हता.

मी दुसऱ्या दिवशी वरूड गाठलं. इतके दिवस रोज भेटत होतो, तर सांगितलं का नाही, असं जरा चढ्या आवाजातच विचारलं. ते लाकडी संत्री टोपलीत रचत होते. "मोजणं चालू असताना मधात बोलत नाही," ते म्हणाले.

चार दिवसांत आम्ही ध्वनिमुद्रण ठरवलं. अमरावतीतल्या एका गल्लीत एक छोटी खोली आहे, तिथे ऑटोवर भोंगा लावून फिरवायच्या जाहिराती रेकॉर्ड होतात. साड्यांचा सेल, बोअरवेल, हरवलेली म्हैस, सगळं तिथूनच निघतं. पंखा बंद केला, दाराला गोधडी लावली. काकाजी माइकसमोर बसले आणि त्यांनी हात उचलले, उजव्यात तीन, डाव्यात दोन. हातात काही नव्हतं.

"लाभऽऽ," त्यांनी सुरुवात केली. "दोनऽऽ तीनऽऽ" आणि थेट वीसपर्यंत गेले. आवाज थोडा घोगरा झाला होता, पण सूर तोच. ती खोली दोन मिनिटं फळबाजार झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पंखा बंद असल्याच्या नावावर पुसलं.

मग मी यादी पुढे केली. म्हटलं, काकाजी, फार सुंदर झालं, आता फक्त 'एक' हा शब्द द्या. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मला वाटलं त्यांना समजलं नाही. मी अट समजावून सांगितली. एक शब्द नसला तर वीसही जातील, त्या जागी परका आवाज येईल, आणि आपल्याकडे दुसरा दिवस नाही. ते पाणी प्यायले. प्रयत्न करतो म्हणाले. माइककडे तोंड केलं, हात उचलले, "ए" एवढा अर्धा आवाज निघाला आणि थांबला. दुसऱ्यांदा तेच. हातात फळं उचललेली असताना त्या तोंडातून 'एक' निघतच नव्हतं.

मी विचारलं, "काकाजी, काहून असं?" माझ्या तोंडून 'काहून' गेलं हे मला तेव्हा कळलंही नाही.

"एक म्हणजे एकटं, माय," ते म्हणाले. मॅडमवरून ते मायवर कधी आले तेही मला कळलं नव्हतं. "लाभ म्हटलं का समजते, मांगून अजून येऊन राहिले."

मी थकले होते, घाबरले होते, आणि अशा वेळी माणूस जे बोलायला नको तेच बोलतो. मी म्हटलं, एका शब्दापायी सगळा आवाज घालवता का तुम्ही.

ते रागावले नाहीत. हात खाली ठेवले.

"आवाज त जाऊनच राहिला, माय. शब्द त राहू दे."

त्यानंतर त्यांना खोकल्याची उबळ आली आणि काम तिथेच संपलं. मी त्यांना मुलीच्या घरी सोडलं. जाताना जिन्याच्या पहिल्या पायरीवर ते नेहमीचा शब्द म्हणाले. मी खाली उभी राहून ऐकला.

वीस आवाज मी पुण्याला पाठवून दिले, काही न लिहिता. दोन दिवसांनी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, साहेबांचा फोन आला. आवाज फार छान आहे, पण पहिलाच शब्द चुकलाय म्हणाले. त्यांच्या यंत्राने तो ऐकून 'लव्ह' असा लिहून दिला होता, आणि कचेरीतल्या एकाने विचारलं होतं की शून्याला लव्ह म्हणतात ते टेनिसचे गुण आहेत का हे. आज मला याचं हसू येतं. त्या दिवशी आलं नाही.

मी पुण्यात शिकायला होते तेव्हा माझ्या तोंडातलं 'मले' आणि 'तुले' मी दोन वर्षं घासून घासून काढलं होतं. वर्गात हसायचे म्हणून. ते सगळं त्या फोनवर एका दमात परत आलं.

"काहून चालणार नाही?" मी म्हटलं. "आमच्या इकडं पहिलं माप लाभच असते. चूक तुमच्या यादीत हाये साहेब, त्यांच्या मोजण्यात नाही. अन् तो माणूस उद्यापासून बोलणार नाही."

मला वाटलं, गेलं काम. मग साहेब हळू आवाजात म्हणाले की त्यांचे वडील खळ्यावर ज्वारी मोजताना 'लाभ' म्हणायचे. जुन्नरकडच्या गावात. "मी पार विसरलो होतो हो," ते म्हणाले. "यादी मीच केली होती." पुण्याच्या माणसांवर आयुष्यभर राग धरायची माझी पूर्ण तयारी झाली होती. ती त्यांनी एका वाक्यात वाया घालवली.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी मी दवाखान्यात गेले. काकाजींच्या गळ्याला पट्टी होती, नळी होती, डोळे मात्र तेच. मी फोन त्यांच्या कानाजवळ धरला आणि यंत्रात बसवलेला पहिला आवाज ऐकवला. आपलाच 'लाभ' त्यांनी डोळे मिटून ऐकला. मग उशाशी कुणीतरी आणून ठेवलेल्या फळांतलं एक संत्रं उचललं आणि खिडकीच्या कट्ट्यावर, बाजूला, एकटं ठेवलं. मुलगी तिथेच उभी होती. तिला आणि मला दोघींनाही त्याचा अर्थ कळला. शेकडा पुरा झाला होता.

केंद्राचं उद्घाटन झालं तेव्हा भाषणं लांबली, ती तशी लांबतातच. फीत कापून मोठी माणसं गेल्यावर शाळेची मुलं आत सुटली. एका मुलीने लाकडी संत्री घसरगुंडीत सोडली. पाचवं खाली पोचलं आणि शेडच्या छताखाली तो सूर पुन्हा घुमला, "लाभऽऽ." मुलं दचकली, मग एकदम ओरडली, "लाभ!" काकाजी खांबाला टेकून उभे होते. त्यांचे हात आपोआप वर आले होते.

पुढे दीड वर्ष ते रोज यायचे. त्यांच्यासाठी त्या खेळाजवळ एक खुर्चीच ठेवली होती. बोलता येत नव्हतं, पण शिकवणं थांबलं नाही. कुणी मूल घाईने मुठीमुठीने संत्री ढकलायला लागलं की ते मनगट धरून थांबवायचे आणि बोटं लावून दाखवायचे. मोठं फळ अंगठ्याच्या बुडाशी, चपटं मध्ये. दारावर तिकीट पाहणाऱ्या बाईंशी त्यांची चांगली गट्टी जमली. सकाळी पहिला पाहुणा आत आला की काकाजी खुर्चीवरून बोट वर करायचे आणि त्यांच्या वतीने बाई म्हणायच्या, "लाभ." पाहुणा बावचळून इकडेतिकडे पाहायचा. शंभर माणसं झाली की काकाजी एक लाकडी संत्रं खिडकीत ठेवायचे. सुतार तेवढ्यासाठी वेगळी संत्री करून द्यायचा. शेडमधले पूर्वीचे हमाल, फळं निवडणाऱ्या बाया, भातकुलीकडून सहलीला आलेली पोरं, सगळी त्या मोजणीत होती.

गेल्या वर्षी संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड चालू असताना ते गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. मुलीने फोन करून सांगितलं. मला त्यांची फार आठवण येते. आमच्या कामात चुका दाखवणारे पुष्कळ भेटतात. आधी पिशवीतून पाच संत्री काढून हातात ठेवणारा पुन्हा भेटला नाही.

परवा एका फलकाची दुरुस्ती होती म्हणून मी वरूडला गेले. सकाळी लवकर पोचले. केंद्र नुकतंच उघडत होतं. खिडकीत लाकडी संत्र्यांची रांग कोपऱ्यापर्यंत पोचली होती आणि तिथून खालच्या फळीवर उतरली होती. खुर्ची तिथेच होती, पुसलेली. मी उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं. दारावरच्या बाईंनी मान वर केली नाही, त्या पुस्तकातली तिकिटं फाडून ठेवत बसल्या होत्या. पण त्यांनी सवयीने बोट वर केलं आणि म्हणाल्या, "लाभ."

मी मागे वळून पाहिलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं. तरी मी दार लोटून घेतलं नाही.